विंडोजवरून उबुंटूवर: हातांना नवी सवय लागताना

माझं काम मराठी मजकुराचं. भाषांतर आणि मुद्रितशोधन. दिवसातले बरेच तास लॅपटॉपसमोर जातात, पण लॅपटॉप या वस्तूकडे मी कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. जुनं यंत्र विंडोज १० वर चालायचं. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची सोय त्या यंत्रात नव्हती. लॅपटॉप बदलायचा होताच. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमही बदलायचं ठरवलं आणि उबुंटू २४.०४ ही लिनक्सवर उभी असलेली सिस्टिम आधीच घातलेला लॅपटॉप घेतला. माझं बहुतेक काम ब्राउझर, मजकुराच्या फायली आणि पीडीएफ यांतच होतं, आणि लिनक्स कित्येक वर्षं वापरणारा चुलतभाऊ फोनवर हाकेच्या अंतरावर होता. एवढ्या भांडवलावर निर्णय घेतला.

मला वाटलं होतं की अडचणी मोठ्या ठिकाणी येतील: इंटरनेट जोडताना, प्रिंटर चालवताना, फायली उघडताना. त्या जवळजवळ आल्याच नाहीत. वायफाय लगेच लागलं. प्रिंटर त्याच नेटवर्कवर होता, तो आपोआप यादीत दिसला आणि ड्रायव्हर न शोधता पहिलं पान छापून आलं. (छपाईचं काम सांभाळणारी कप्स नावाची यंत्रणा इथे मुळातच असते, आणि अलीकडचे बरेच प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय तिच्याशी बोलू शकतात.) अडलं ते बोटांशी. डोक्याला माहीत होतं की हे वेगळं यंत्र आहे, बोटांना माहीत नव्हतं.

टचपॅडवर दोन बोटं वर सरकवली की पान उलट्या दिशेला जायचं. खालच्या उजव्या कोपऱ्यात दाबून जो मेनू यायचा तो येईना. इथे त्यासाठी दोन बोटांनी एकत्र दाबायचं असतं. खालची पट्टी डावीकडे उभी होती. पट्टीवरच्या चिन्हावर पुन्हा क्लिक केलं की खिडकी खाली जाते ही माझी पक्की सवय, आणि इथे ती जागेवरच राहायची. यातली एकही गोष्ट अवघड नव्हती, पण लिहिण्याच्या ओघात दर काही मिनिटांनी हात थबकतो तेव्हा वाक्य तुटतं, आणि भाषांतरात तुटलेलं वाक्य पुन्हा जुळवायला वेळ लागतो. सुरुवातीच्या काळात संध्याकाळपर्यंत जो थकवा यायचा तो याचा होता.

तेव्हा चुलतभावाने सांगितलेली गोष्ट उपयोगी पडली. तो म्हणाला, "ताई, लगेच सगळं विंडोजसारखं करून घेऊ नकोस. जे खरंच टोचतंय तेवढंच बदल. बाकीचं थोडं वापरून बघ, त्याला त्याचं कारण असतं." मी पान सरकण्याची दिशा बदलली आणि उजव्या कोपऱ्याचं दाबणं परत आणलं. दोन्ही गोष्टी सेटिंग्जमध्ये टचपॅडखाली मिळतात. अक्षरं बारीक वाटत होती म्हणून डिस्प्लेमध्ये १२५ टक्के केलं. बाकी तसंच ठेवलं.

आणि खरंच, काही गोष्टी आपसूक पटत गेल्या. स्टार्ट मेनू नाही याचं सुरुवातीला फार वाटलं होतं. इथे सुपर कळ दाबायची, म्हणजे जिच्यावर एरवी विंडोजचं चिन्ह असतं ती. उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या एकदम समोर पसरतात, आणि तिथेच हव्या त्या प्रोग्रॅमची किंवा फायलीची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की ती सापडते. शोधायला वेगळी जागा लागत नाही. टचपॅडवर तीन बोटं वर सरकवली तरी तेच होतं. वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या वाटून ठेवायचे वेगवेगळे पडदे, तर आता माझ्या कामाचा भागच झाले आहेत: एकावर मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी शेजारी, दुसऱ्यावर शब्दकोश आणि संदर्भ, तिसऱ्यावर पत्रव्यवहार. विंडोजमध्येही ही सोय होती, पण तिथे ती मला कधी दिसली नव्हती. इथे ती समोरच येते.

पुढचा टप्पा फायलींचा. बाहेरच्या डिस्कवर बऱ्याच वर्षांचं काम होतं आणि ते नव्या यंत्रात आणायचं होतं. पहिला प्रश्न, सी ड्राइव्ह कुठे आहे? तो नाहीच. डॉसच्या काळात ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी असायची आणि हार्ड डिस्क आली तेव्हा तिला सी मिळालं. फ्लॉपी गेल्या, अक्षर राहिलं. उबुंटूचा वंश वेगळा. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू झालं, त्याच्या धाटणीवर १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, आणि त्या गाभ्यावर उबुंटू उभं आहे. युनिक्समध्ये सगळं एकाच मुळापासून फुटतं. ते मूळ म्हणजे एक तिरपी रेघ. डिस्क कितीही जोडा, त्या त्याच झाडाच्या कुठल्यातरी फांदीवर दिसतात. माझी बाहेरची डिस्क मीडिया नावाच्या फोल्डरात, माझ्या नावाखाली आली.

हे एकदा समजल्यावर परवानग्यांचा गुंताही सुटला. युनिक्स वाढलं ते एकाच संगणकावर अनेक माणसं काम करण्याच्या काळात. म्हणून प्रत्येकाचं एक होम फोल्डर, त्यात त्याची सत्ता, आणि त्याबाहेर काही बदलायचं तर पासवर्ड. लॅपटॉपवर मी एकटीच असले तरी रचना तीच आहे. कुठल्याही गोष्टीला पासवर्ड मागितला की पूर्वी मला नुसती अडवणूक वाटायची. आता मी थांबून पाहते: हे माझ्या फोल्डराबाहेरचं काय बदलायला निघालं आहे?

फायली आणताना एक अडथळा असा आला की जो मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. डिस्कवरून नक्कल चालू असताना मध्येच निरोप आला की फाईलचं नाव फार लांब आहे. त्या फायली विंडोजवर वर्षानुवर्षं नीट उघडत होत्या. नावं लांब होती हे खरं. लेखाचं नाव, लेखकाचं नाव, कितवं वाचन, असं सगळं मी नावातच लिहिते. पण इंग्रजी नावांच्या तितक्याच लांबीच्या फायली आल्या होत्या, फक्त मराठी नावांच्या अडल्या. कारण असं की फायली साठवण्याची विंडोजची एनटीएफएस पद्धत नावात २५५ अक्षरखुणा चालवून घेते, तर लिनक्सची ईएक्सटी४ पद्धत २५५ बाइट मोजते. युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. खूण म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त चिन्ह, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'मुद्रितशोधन' या एका शब्दात ११ खुणा आहेत, म्हणजे ३३ बाइट. पूर्ण नाव देवनागरीत असेल तर ८५ खुणांवर मर्यादा संपते. मी जुन्या यंत्रावर बसून ती नावं आखूड केली आणि लेखकाचं नाव फोल्डराला दिलं. खरं तर ती रचना जास्त चांगली आहे, आता एका लेखकाचं सगळं एकत्र सापडतं.

नावांच्या बाबतीत आणखी थोडं. इंग्रजी नावांत लहान आणि मोठी लिपी इथे वेगळी धरली जाते, त्यामुळे मोठ्या अक्षराने सुरू होणारी 'फायनल' आणि लहान अक्षराने सुरू होणारी 'फायनल' या एकाच फोल्डरात दोन स्वतंत्र फायली असू शकतात. देवनागरीत हा भेदच नसल्याने तिथे प्रश्न येत नाही. उलट दिशेने, इथे नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह घालता येतं, पण तीच फाईल पेनड्राइव्हवर टाकायला गेलं की नकार मिळू शकतो, कारण विंडोजला चालणाऱ्या पद्धतींत ती चिन्हं नावात वर्ज्य आहेत. ती चिन्हं मी नावांतून काढूनच टाकली आहेत.

पेनड्राइव्हचंही एक सांगायला हवं. नक्कल करताना पट्टी झरझर भरते आणि पूर्ण झाल्यासारखं दिसतं, पण पेनड्राइव्ह बाहेर काढायचं बटण दाबलं की कधी कधी बराच वेळ थांबावं लागतं. लिनक्स मजकूर आधी मेमरीत घेतो आणि मग संथ पेनड्राइव्हवर सवडीने उतरवत राहतो. पट्टी दाखवते ते मेमरीत पोचलेलं. तेव्हा 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत पेनड्राइव्हला हात लावायचा नाही, हे मी माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

डेस्कटॉपवर किंवा फोल्डरात उजवं क्लिक करून 'नवी मजकूर फाईल' काढायची माझी सवय. इथे तो पर्यायच नव्हता. त्याचं उत्तर मला फार आवडलं: होम फोल्डरात टेम्प्लेट्स नावाचं एक रिकामं फोल्डर असतं, त्यात आपल्याला हवी ती कोरी फाईल ठेवायची, आणि मग उजव्या क्लिकवर 'नवा दस्तऐवज' हा पर्याय उगवतो आणि त्यात ती फाईल दिसते. मी तिथे भाषांतराचा माझा नेहमीचा साचा ठेवला: समास, फॉन्ट, ओळींमधलं अंतर सगळं बसवलेला. आता प्रत्येक नवं काम तयार साच्यातूनच सुरू होतं.

खरी कसोटी मराठी टंकलेखनाची होती, आणि मी सर्वात जास्त वेळ तिथेच दिला.

विंडोजवर मी इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची. रोमन लिपीत उच्चार टाइप करायचा आणि खाली सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो निवडायचा. मी वापरत होते ते साधन इथे चालत नाही. उबुंटूत सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली 'इनपुट सोर्सेस' असतं, तिथे मराठी जोडता येतं. आयबस या निरनिराळ्या भाषांत टाइप करू देणाऱ्या यंत्रणेत एम१७एन नावाचा संच बसवला की मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स आणि इनस्क्रिप्ट अशा पद्धती मिळतात. बसवल्यानंतर एकदा लॉगआउट होऊन परत यावं लागतं, नाहीतर त्या यादीत दिसत नाहीत. भाषा बदलायला सुपर कळ आणि स्पेस.

फोनेटिक घेतलं असतं तर सोपं गेलं असतं. मी इनस्क्रिप्ट घेतलं. विचार असा केला की आज या यंत्रावर आले, उद्या आणखी कुठे जावं लागेल, आणि प्रत्येक वेळी रोमन अक्षरांची कुणाची तरी वेगळी युक्ती शिकत बसायचं का? इनस्क्रिप्ट हे भारतीय लिप्यांच्या कीबोर्डचं १९८६ पासूनचं प्रमाण आहे. विंडोज, लिनक्स, मॅक, फोन, सगळीकडे मांडणी तीच. बंगाली, गुजराती, कन्नड या लिप्यांनाही तीच चौकट. एकदा बोटांत बसलं की कायमचं बसलं.

मांडणी समजून घेतली तेव्हा तिच्यामागचा विचार फार सुबक वाटला. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. मराठीत व्यंजनामागे स्वर येत राहतो, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. मधल्या ओळीत उजव्या बोटांखाली प, र, क, त, च, ट. शिफ्ट धरलं की बहुतेकांचं महाप्राण रूप मिळतं: प चा फ, क चा ख, त चा थ, च चा छ, ट चा ठ. स्वरांचं तसंच. नुसती कळ दाबली की मात्रा आणि शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर, म्हणजे इंग्रजी ई च्या कळीवर काना आणि शिफ्टसह आ. वर्णमाला ज्याला येते त्याला अर्धा कीबोर्ड आधीच येत असतो. 'मराठी' लिहायचं तर सी, जे, ई, मग शिफ्ट धरून अवतरणचिन्हाची कळ, मग आर. सुरुवातीला हे कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलं होतं.

हलन्ताची कळ डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, डी वर आहे. जोडाक्षराचं सगळं काम तिथे. व्यंजन, हलन्त, व्यंजन. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांना वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह वेगळ्या जागाही आहेत, पण मी त्या वापरत नाही. क, हलन्त, ष असं लिहिलं तरी क्ष च होतो, आणि एकच नियम सगळीकडे चालला तर हात अडखळत नाही.

ऱ्हस्व वेलांटीचं थोडं जास्त अंगवळणी पाडावं लागलं. दिसते ती अक्षराच्या आधी, टाइप करायची नंतर. जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे दिसेल त्या क्रमाने ठोकायचं असे. इथे उच्चाराचा क्रम पाळायचा. 'कि' मध्ये आधी क उच्चारतो, तर आधी क.

आणि मग आपला खास मराठी र. 'तऱ्हा', 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतली ती आडवी चंद्रकोरी रेघ. रोमन पद्धतीत मी ती सुचवण्यांतून निवडायची, ती आत कशी घडते हे कधी बघितलंच नव्हतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबलं की नुक्ता असलेला ऱ येतो, त्याला हलन्त आणि मग पुढचं व्यंजन. साधा र घेऊन हलन्त दिलं तर रफार होतो आणि 'दर्या' बनतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या. मुद्रितशोधनात ही चूक मी दुसऱ्यांच्या मजकुरात कितीतरी वेळा दुरुस्त केली आहे. ती का होते हे आता बोटांना कळलं.

ॲ या अक्षराचं वेगळं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, आणि जुन्या मांडण्यांत त्याला जागा नव्हती. कळ सापडत नसेल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबायचं, मग ०९७२ हा सांकेतिक क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहून स्पेस द्यायची. अक्षर उमटतं. कुठल्याही युनिकोड अक्षरासाठी हीच युक्ती चालते.

प्रश्नचिन्हाच्या कळीवर य बसलेला आहे, त्यामुळे प्रश्नचिन्ह आलं की मी सुपर-स्पेसने इंग्रजीत जाते आणि परत येते. अवतरणचिन्हांचंही तेच. संवादांनी भरलेल्या कथेचं भाषांतर असेल तेव्हा हे जाणवतं, आणि हा इनस्क्रिप्टचा कच्चा दुवा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही सौदा फायद्याचा आहे. रोमन पद्धतीत शब्द उच्चारायचा, त्याचं इंग्रजी स्पेलिंग मनात बनवायचं आणि यादीतून निवडायचं, अशा तीन पायऱ्या होत्या. त्यांतल्या दोन गेल्या. मी आता मराठीत विचार करते आणि मराठीतच टाइप करते, मधे दुसरी लिपी येत नाही. वेग पूर्वीइतका व्हायला काही महिने जावे लागले, आणि त्या काळात मी कामं जरा कमी घेतली. हा बदल करणाऱ्याने ही तयारी ठेवावी.

वर्डच्या जागी इथे मी वापरते त्या लिब्रेऑफिसचं सांगायचं तर मुद्रितशोधनासाठी मला लागतं ते, म्हणजे बदलांची नोंद आणि समासातल्या टिपा, वर्डच्या फायलींत दोन्ही बाजूंनी नीट ये-जा करतं. पानांची मांडणी मात्र सुरुवातीला सरकायची. कारण फॉन्टचं होतं. मंगल, कॅलिब्री असे फॉन्ट विंडोजसोबत येतात, इथे ते नसतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ, हे अक्षरांची रुंदी तीच ठेवून बनवलेले फॉन्ट आहेत, ते असले की इंग्रजी ओळी जागच्या हलत नाहीत. मराठीसाठी मी नोटो सॅन्स देवनागरी आणि मुक्त हे दोन ठरवले, आणि ज्यांच्यासोबत काम करते त्यांनाही तेच घ्यायला सांगितलं. दोन्ही मोफत आहेत आणि विंडोजवरही चालतात. मांडणी महत्त्वाची असेल तेव्हा सोबत पीडीएफ पाठवते.

एक गोष्ट मात्र मला बराच वेळ कोड्यात टाकून होती. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये फॉन्ट आणि आकार बदलला, तरी मराठी मजकूर ढिम्म. लिब्रेऑफिस प्रत्येक स्टाइलमध्ये पाश्चात्त्य लिप्यांचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा. देवनागरी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात मोडते. बदल तिथे करायचा. भाषाही तिथेच मराठी निवडायची, आणि ते आवर्जून करावं, कारण काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं आणि हिंदी वळणं दोन्ही असतात, आणि भाषा मराठी आहे हे कळलं तरच मराठी वळण दिसतं. पाकळीचा ल आणि देठाचा श पडद्यावर दिसला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. एवढी वर्षं मी ते हिंदी वळणात वाचत होते.

टर्मिनलबद्दल, म्हणजे आज्ञा टाइप करून यंत्र चालवायच्या खिडकीबद्दल, लोक घाबरवतात. रोजच्या कामाला ते लागत नाही, हे आधी सांगते. पण मदत मागायची तर ते उपयोगी पडतं. मेनूचा रस्ता फोनवर समजावणं कठीण, तर आज्ञा म्हणजे एक ओळ मजकूर. चुलतभाऊ ती पाठवतो, मी वाचते, चालवते. तीन गोष्टी तेवढ्या माहीत हव्यात. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, पण तो जात असतो. कंट्रोल-सी ने तिथे नक्कल होत नाही, चालू असलेलं काम थांबतं, नक्कल करायला शिफ्टही धरावं लागतं. आणि तिथून पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही. ज्या आज्ञेचा अर्थ मला समजत नाही ती मी चालवत नाही, मग ती कुणीही पाठवलेली असो. आज्ञेच्या नावाआधी 'मॅन' लिहिलं की तिची पूर्ण माहिती तिथेच उघडते. देवनागरी मात्र टर्मिनलमध्ये विस्कटलेली दिसते, कारण तिथे प्रत्येक खुणेला ठराविक रुंदीचा चौकोन असतो आणि आपल्या मात्रा चौकोनांत बसत नाहीत. फाईल बिघडलेली नसते, फक्त दिसायला तशी दिसते.

प्रोग्रॅम शोधून उतरवून घेण्याची सवयही सुटली. डॉट ईएक्सई फायली इथे चालत नाहीत. बहुतेक सगळं ॲप सेंटर या प्रोग्रॅमच्या दुकानातून येतं आणि अद्ययावत करण्याचं काम यंत्रणाच सांभाळते. काम करता करता अद्यतनं होऊन जातात याचं मला नवल वाटायचं. चुलतभावाने समजावलं: लिनक्समध्ये उघडी असलेली फाईलसुद्धा बदलता येते. चालू प्रोग्रॅम जुनी प्रत धरून बसतो, नव्याने उघडणाऱ्याला नवी मिळते. विंडोजमध्ये उघडी फाईल सहसा कुलूपबंद असते, म्हणून तिथे पुन्हा सुरू करण्याची पाळी जास्त येते. गाभा बदलला की इथेही रीस्टार्ट लागतोच, पण तो मी माझ्या सोयीने करते.

जे आलं नाही तेही सांगायला हवं. पुस्तकाच्या मांडणीचा एक प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो आणि एका कामासाठी तो मला लागतो. त्यासाठी जुना लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे. ज्याचं रोजचं पोट अशाच एखाद्या प्रोग्रॅमवर चालतं त्याने हा बदल करू नये असंच मी म्हणेन, निदान पर्याय स्वतः वापरून पाहिल्याशिवाय तरी नाही.

सध्या हातात आहे ते जुन्या फॉन्टांतल्या फायलींचं काम. युनिकोड रुळायच्या आधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले फॉन्ट असायचे. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा दिसतो. त्या फायली मी रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणते आहे. रूपांतर बहुतेक नीट होतं, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कधी शेजारच्या अक्षरावर सरकते आणि ऱ्य चा र्य होतो, म्हणून प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून वाचावं लागतं. कवितांच्या फायली आधी घेतल्या आहेत. त्यांत एक मात्रा हलली तरी वृत्त बिघडतं, आणि काहींची छापील प्रत आता माझ्याशिवाय कुणाकडे असेल असं वाटत नाही.